मस्ट, शुड आणि एक मूठ गहू

भेस्तान, सुरत
१४ जानेवारी १९९६

ती. मामांना आणि मामींना गायत्रीचा नमस्कार.

मागच्या संक्रांतीला पाकिटात घातलेला तिळगूळ पोस्टानंच खाल्ला, म्हणून यंदा नुसतेच गोड शब्द पाठवते. आज इथे उतराण आहे. सगळं सुरत पतंग घेऊन गच्चीवर चढलंय, हेमराज आणि आमची शीतलसुद्धा. मी एकटी खाली बसून पत्र लिहिते आहे, यावरून काम किती महत्त्वाचं ते ओळखा.

शीतलला जूनपासून इंग्रजी शाळेच्या बालवर्गात घालतोय. तिला घरी शिकवायचं तर आधी मला यायला हवं. तुमच्याच हायस्कूलमध्ये मी दहावीपर्यंत तुमच्या हाताखाली शिकले, पण तुम्ही वर्गात आलात की निम्मं लक्ष छडीकडे असायचं, त्यामुळे निम्मंच इंग्रजी डोक्यात गेलं. शब्द येतात. दोन गोष्टी अडतात: कॅन, मे, मस्ट, शुड हे चौघं आणि त्यांचे भाऊबंद, आणि दुसरं म्हणजे काळ. तुम्ही आता रिटायर झाला आहात. पोस्टानं शिकवाल का? मी वाक्यं लिहून पाठवीन, तुम्ही लाल शाईनं तपासा. पत्रातून छडी पोचत नाही एवढी एकच सोय मी बघितली आहे.

मामींना सांगा, मी बरी आहे आणि जाड झाले आहे.

तुमची,
गायत्री

---

पारोळा
२२ जानेवारी १९९६

चि. गायत्री, आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका होत्या, पण तू इंग्रजी शिकायला आली आहेस म्हणून त्या सोडून देतो. बालवर्गातल्या पोरीला ए फॉर ॲपल पुरतं, तिच्या आईला सहायक क्रियापदं कशाला लागतात ते मला कळलं नाही. पण पस्तीस वर्षं मी न मागणाऱ्यांना इंग्रजी वाढलं. आज कुणीतरी ताट पुढे करतंय, तेव्हा नाही म्हणवत नाही.

धडा पहिला. मराठीत आपण ‘पाहिजे’ या एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगतो. पाणी प्यायला पाहिजे, दाढी करायला पाहिजे, चोराला धरायला पाहिजे. इंग्रज माणूस मात्र तोंड उघडायच्या आधी निकड किती ते ठरवतो. ‘मस्ट’ म्हणजे सुटका नाही. ‘शुड’ म्हणजे केलंस तर बरं. ‘मे’ म्हणजे परवानगी किंवा शक्यता. ‘कॅन’ म्हणजे अंगात तेवढी ताकद आहे. ही क्रियापदं कुणाहीपुढे बदलत नाहीत. ही कॅन, शी कॅन, कलेक्टर कॅन. त्यांच्या शेवटी एस लावू नकोस आणि पुढे टू लावू नकोस. ‘आय मस्ट टू गो’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आणखी एक. साहेब हुकूम देतानाही प्रश्न विचारतो. ‘कुड यू ओपन द डोअर?’ याला ‘येस’ म्हणून बसून राहायचं नसतं, उठून दार उघडायचं असतं.

दहा-दहा वाक्यं पाठव. पुस्तकातली नकोत, स्वतःच्या रोजच्या कामातली हवीत. तुझी वाक्यं मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. तिला कळणार नाही, पण संध्याकाळी घरात कुणाचा तरी आवाज झाला की तिला बरं वाटतं.

रघुनाथ मामा

---

भेस्तान
३० जानेवारी १९९६

प्रिय योगेश,

तुझ्या वडिलांनी हो म्हटलं! पहिला धडा सोबत पाठवते. मी नक्कल करून घेतली आहे, मूळ पत्र तूच ठेव. त्यांचं अक्षर बघून घाबरू नकोस, ते आता पारोळ्यात आहेत आणि तू कामरेजला आहेस.

ठरल्याप्रमाणे वाक्यं तू लिहायची, मी माझ्या अक्षरात उतरवून पाठवायची. तुझं नाव मी काढणार नाही, शप्पथ घेतली आहे. पण एकदा सांगते आणि मग गप्प बसते. दिवाळीत उधन्याच्या बाजारात तू अचानक समोर आलास, तेव्हापासून मी मामींना खोटं लिहिते आहे. त्यांना एवढंच माहीत आहे की तू सुरतकडे कुठेतरी आहेस. मामांकडे तर तुझा विषयही काढायची सोय नाही.

दुसऱ्या कुणाकडून शिकला असतास तर बरं झालं असतं. पण तूच म्हणालास, ‘ताई, शिकवावं आप्पांनीच, फक्त त्यांच्यासमोर बसायला नको.’ तर घे, बसायला नको.

तुझी,
गायत्रीताई

---

कामरेज
१८ फेब्रुवारी १९९६

ताई,

धडा पाठ केला. पहिली दहा वाक्यं सोबत आहेत.

भाईदास शेठ पावसाळ्यानंतर बिनधोट्याचे, म्हणजे शटल नसलेले परदेशी माग बसवणार हे आता नक्की झालं. ते बसवायला बाहेरचा इंजिनिअर येईल. त्याच्या हाताखाली शेठ एकच माणूस देणार, आणि पुढे ते सगळे माग त्या माणसाकडे. त्याला इंग्रजीतलं मशीनचं पुस्तक वाचता आलं पाहिजे आणि साहेबाचं बोलणं समजलं पाहिजे. साहेब स्वतः परीक्षा घेणार. मागाचं काम मला येतं, माझ्या खोलीवरच्या छगनलाही येतं. छगन बारडोलीला बारावीपर्यंत शिकलाय. मी दहावीला इंग्रजीत दोनदा नापास, आणि तेही इंग्रजीच्या मास्तरांचा मुलगा. हे हुकलं तर जन्मभर जुन्या मागांचे धोटे बदलत राहीन.

आप्पांचा धडा मी मागावर लावून बघितला. मस्ट म्हणजे नाही केलं तर बोट जाईल. शुड म्हणजे नाही केलं तर कापड जाईल. मे म्हणजे शेठ बाहेर गेलाय. आता विसरत नाही.

एक गंमत सांगू? वर्गात त्यांनी हेच शिकवलं असणार. पण बाकावर उभं राहून ऐकलेलं काही लक्षात राहत नाही.

माय कशी आहे? यंदाही श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना माझी मूठ निघणार नाहीच. तू लेक पडलीस, सासरच्या रोटांची झालीस, पण मुठीचं तुलाही माहीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठभर गहू काढायचे, त्याच पिठाचे देवीच्या नैवेद्याचे रोट करायचे. आप्पा नाव घेतात, माय मूठ भरते. ज्याच्या नावाची मूठ निघाली त्यानं रोट खायला यायचंच. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा आप्पा म्हणाले होते, ‘या घरात तुझ्या नावाची मूठ आता निघायची नाही.’ मारलं असतं तरी मी राहिलो असतो. हे ऐकून मात्र गाडीत बसलो.

योगेश

---

भेस्तान
१० मार्च १९९६

ती. मामा,

वाक्यं सोबत आहेत. काही मागांबद्दलची आहेत, हसू नका. आमच्या गल्लीत दिवसभर खटखट चालू असते, स्वप्नातही तेच येतं. ‘यू मस्ट नॉट टच द बेल्ट. यू शुड ऑइल द मशीन एव्हरी मॉर्निंग.’ तुम्हीच म्हणालात, रोजच्या कामातली लिही.

शीतलला ताप होता, आता उतरलाय. मामींची कंबर कशी आहे?

गायत्री

---

पारोळा
८ एप्रिल १९९६

चि. गायत्री, आशीर्वाद.

तीन पत्रांतली तीस वाक्यं तपासली. चुका होत्या, पण एकच चूक दोनदा नव्हती. असा विद्यार्थी मला नोकरीत फार कमी भेटला. तुझी मामी म्हणाली, ‘पोरले शाबास तं म्हना.’ म्हणून शाबास.

आता मामाला मूर्ख समजू नकोस. हेमराज कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे, तुझ्या घरात एकही माग नाही, आणि तुझं प्रत्येक दुसरं वाक्य मागाला तेल घालतं. मला वाटतं, तू चोरून कारखान्यात नोकरी धरली आहेस आणि सासूबाईंना कळू नये म्हणून मलाही सांगत नाहीस. असेल तर असो. कामाची लाज बाळगू नये, फक्त पदर पट्ट्यापासून दूर ठेव.

धडा चौथा, काळ. मराठीत ‘धागा तुटला’ म्हटलं की झालं. इंग्रजीत विचारावं लागतं, तुटला आणि जोडला, की तुटला आणि माग अजून बंद आहे? काल तुटला आणि जोडला, तर साधा भूतकाळ. तुटला आहे आणि त्याचा परिणाम अजून समोर दिसतोय, तर ‘हॅज ब्रोकन’. याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. क्रिया झालेली असते पण विषय संपलेला नसतो. त्याच्याबरोबर ‘यस्टरडे’ लिहिलंस तर माझ्या लाल शाईचा खर्च वाढेल.

जाण्याच्या बाबतीत आणखी एक बारीक भेद आहे. ‘ही हॅज बीन टू सुरत’ म्हणजे सुरतेला जाऊन परत आला. ‘ही हॅज गॉन टू सुरत’ म्हणजे गेला आणि अजून तिथंच आहे. या दुसऱ्याचं उदाहरण आमच्या घरातच असल्यामुळे पुस्तक उघडावं लागलं नाही. असो.

सराव कर.

रघुनाथ मामा

---

कामरेज
३० जून १९९६

ताई,

‘असो’पर्यंतचं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. माझ्याबद्दल त्यांनी चार वर्षांत काढलेलं हे पहिलं वाक्य असेल, आणि तेही व्याकरणात.

तू कारखान्यात नोकरी करतेस यावर मात्र मी आणि छगन पोट धरून हसलो. छगनला सगळं माहीत आहे. आम्ही दोघं रोज एकमेकांना प्रश्न विचारतो. तो परीक्षेत माझ्यासमोर असणार, पण इथे खोलीवर एकच स्टोव्ह आहे, भांडून चालत नाही.

आता कर्मणी प्रयोग आणि मस्ट एकत्र करायचा आहे. मशीनच्या पुस्तकात सगळं तसंच असतं: अमुक केलं गेलं पाहिजे, तमुक उघडलं जाऊ नये. मागाची वाक्यं संपली म्हणून काही घरची घेतली. पंधरा वाक्यं आहेत. बघ, ‘द लूम मस्ट बी स्टॉप्ड. द ऑइल शुड बी चेंज्ड. द रोट मस्ट बी ईटन इन सायलेन्स. द लास्ट पीस मस्ट बी गिव्हन टू द मॅन ऑन द लेफ्ट.’ बरोबर वाटतात का? मला तर वाटतात.

दोन पाळ्या सलग चालू आहेत. चुकलं तर आप्पा सांगतीलच.

योगेश

---

पारोळा
१९ जुलै १९९६

गायत्री,

तुझी पंधरा वाक्यं मिळाली. चौदा तपासून परत पाठवली आहेत.

उरलेलं एक वाक्य तुझं नाही. व्याकरणात त्याची काही चूक नाही, ते अगदी बरोबर आहे. रोट खाताना बोलू नये हे तुला ठाऊक असेल, सगळीकडे तसंच असतं. पण शेवटचा घास डाव्या हाताच्या माणसाच्या ताटात ठेवायचा, ही रीत फक्त आमच्या घरातली आहे. माझ्या आजोबांनी ती का घातली ते त्यांनाच माहीत. रोटांना आम्ही पुरुष मधल्या घरात बसतो आणि दार लोटलेलं असतं. तू लहानपणी आमच्याकडे असायचीस तेव्हा पुढच्या ओट्यावर इतर लेकींबरोबर खेळत असायचीस. तुझ्या आईनंही ते कधी पाहिलं नाही, ती माझी सख्खी बहीण असून.

आमच्या बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. आधी माझे थोरले लोटूभाऊ, त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा गोपाल, मग मी. माझ्या डावीकडे एकच माणूस बसत असे. गेली चार वर्षं तो घास मी हातात धरतो आणि स्वतःच खातो.

वाक्य मी नेहमीप्रमाणे मामीला वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला. ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले नाहीत की काही नाही. म्हणाली, ‘हाऊ तं मना आंडोर शे.’ मी म्हटलं, मुलगा कुठला, गायत्रीचं पत्र आहे. ती म्हणाली, ‘पत्र गायत्रीनं शे, बोलस तो मना आंडोर.’

कोण शिकतंय, कुठे आहे, कशासाठी, हे सगळं सरळ लिही. मामी दोन दिवस जेवलेली नाही.

रघुनाथ

---

भेस्तान
२५ जुलै १९९६

ती. मामा,

वाक्यं मी न वाचताच उतरवत गेले. शीतलचा डबा भरायचा होता, नळाचं पाणी जायचं होतं. मागाचं आलं तसं रोटाचंही हातानं उतरलं, डोक्यापर्यंत पोचलंच नाही.

हो, योगेश. कामरेजला भाईदास शेठच्या कारखान्यात माग दुरुस्त करतो. पत्ता खाली लिहिते आहे. बारीक झालाय पण तब्येतीनं चांगला आहे, तंबाखू खात नाही, हे मामींना आधी सांगा. नवे परदेशी माग येणार आहेत, त्यावर एकालाच घेणार, आणि परीक्षा इंग्रजीत आहे. तो शिकतोय तो त्याच्यासाठी. शीतल बालवर्गात जाते हे खरं आहे, पण ती ए फॉर ॲपलच म्हणते.

तुम्ही शिकवायचं थांबवाल या भीतीनं आम्ही लपवलं. रागवायचं तर मला रागवा. पण मामा, परीक्षा महिन्यावर आली आहे. एवढी होऊ द्या.

मामींना जेवायला सांगा. पाया पडते.

गायत्री

---

पारोळा
२ ऑगस्ट १९९६

विद्यार्थ्यास,

धडा नववा. पत्र या वेळी थेट पाठवत आहे, नक्कल करण्यात वेळ जातो.

परीक्षेत साहेब भरभर बोलेल. समजलं नाही तर मान डोलावू नये. ‘कुड यू प्लीज रिपीट?’ असं विचारावं. विचारणारा माणूस मूर्ख ठरत नाही. हे मी वर्गात सांगायला हवं होतं की नाही, हा या धड्याचा विषय नाही.

मशीनच्या पुस्तकात ‘मे’ आला तर परवानगी की शक्यता ते पाहावं. ‘द बेल्ट मे स्लिप’ म्हणजे पट्ट्याला घसरायची मुभा दिलेली नाही. तो घसरू शकतो, तेव्हा हात दूर.

‘शुड हॅव’ म्हणजे करायला हवं होतं पण केलं नाही. मशीनच्या पुस्तकात हे सहसा येत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

मागची चौदा वाक्यं ठीक होती. पंधरावंही ठीक होतं.

र. पाटील

---

कामरेज
१० ऑगस्ट १९९६

ताई,

त्यांचं पत्र आलं. वर ‘विद्यार्थ्यास’, खाली ‘र. पाटील’. आत माझं नाव कुठे नाही. मी लिफाफा उलटा करून झटकला, चिठ्ठीबिठ्ठी असेल म्हणून. नव्हती.

तू त्यांना सगळं सांगितल्याचं कळवलंस तेव्हा तुझ्यावर चिडलो होतो. मग लक्षात आलं की वाक्य मीच लिहिलं. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर खरोखर ते मधलं घर होतं, आणि आप्पांचा घास धरलेला हात. परक्याचं वाक्य म्हणून लिहिलंच नव्हतं. मग सापडणारच.

परीक्षा सोमवारी, सव्वीसला. आदल्या दिवशी, रविवारी, कानबाई बसते. छगन म्हणाला, एक दिवस घरी जाऊन ये. मी म्हटलं, ज्याच्या नावाची मूठ नाही तो तिथे जाऊन ओट्यावर बसेल का, लेकींबरोबर? मला धडा मिळतोय तेवढं पुरे. तेवढ्यासाठी मी सुरुवात केली होती. बाकीचं मनात येतं ते पाळी संपली की येतं, आणि झोपलो की जातं.

तरी मायनं जेवायला सुरुवात केली का तेवढं कळव.

योगेश

---

पारोळा
२० ऑगस्ट १९९६

चि. योगेश,

हे पत्र इंग्रजीत लिहिणार होतो, तुझा सराव झाला असता. तुझ्या आईनं हरकत घेतली. तिला प्रत्येक शब्द वाचून हवा आहे आणि मी काही गाळतो का यावर तिचं लक्ष आहे.

काल नागपंचमी झाली. आज सकाळी रोटांचे गहू काढले. नावं मी घेतली, मुठी तुझ्या आईनं भरल्या. लोटूभाऊंची झाली, माझी झाली, गोपालची झाली. मग ती भरलेली मूठ सुपावर धरून थांबली. दर वर्षी ती अशी थांबते, मी सूप उचलतो, आणि ती मूठ पुन्हा पोत्यात सोडते. या वर्षी मी सूप उचललं नाही. तुझं नाव घेतलं. लोटूभाऊंना कमी ऐकू येतं, ते म्हणाले, ‘मोठ्यानी ले, देवीले ऐकू येऊ दे.’ म्हणून दुसऱ्यांदा घेतलं. ओट्यावरच्या बायकांनाही ऐकू गेलं.

मूठ निघाली की काय करावं लागतं ते तुला माहीत आहे. तेव्हा तुला यायचं आहे.

पण रविवारी येऊ नकोस. सोमवारी परीक्षा असल्याचं गायत्रीनं कळवलं आहे. शनिवार-रविवार गाडीत आणि पाहुण्यांत घालवून परीक्षेला बसणं बरोबर नाही. रोट पौर्णिमेपर्यंत चालतात आणि पौर्णिमा बुधवारी आहे. परीक्षा दे, भुसावळ पॅसेंजरनं अमळनेरला उतर, तिथून पारोळ्याची बस मिळेल. तुझ्या वाटणीचे रोट फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवले जातील. ते दुसऱ्या कुणाला खाता येत नाहीत, त्यामुळे उशीर झाला तरी संपायची भीती नाही.

निकालाचं काहीही होवो. त्याचा रोटांशी संबंध नाही. परीक्षा कशी गेली हे मी विचारायचं नाही, असं तुझ्या आईनं मला बजावलं आहे आणि मी कबूल झालो आहे. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: ‘बेटा, पास व्हय का नको व्हय, पहिले जेवाले ये.’

माझ्या डाव्या हाताचा पाट मांडलेला असेल.

आप्पा

---

पारोळा
२८ ऑगस्ट १९९६

प्रिय ताई,

काल पोचलो. माय बसस्टँडवरच उभी होती, सकाळच्या पहिल्या बसपासून. मला बघून आधी रडली आणि मग माझा शर्ट कुणी धुतला म्हणून विचारलं.

परीक्षेचं सांगतो. साहेबानं पुस्तकाचं एक पान वाचायला दिलं, मग मागापाशी नेलं. छगन माझ्या आधी गेला. साहेब त्याला म्हणाला, ‘कुड यू स्टॉप द मशीन?’ छगन म्हणाला, ‘येस सर,’ आणि हात बांधून उभा राहिला. बिचारा घाबरला होता, नाहीतर त्यालाही येतं. माझ्या वेळी मी जाऊन माग बंद केला. एकदा काही कळलं नाही तेव्हा ‘कुड यू प्लीज रिपीट’ म्हटलं, साहेबानं न चिडता परत सांगितलं. निकाल शेठ पुढच्या आठवड्यात सांगणार आहे.

संध्याकाळी मधल्या घरात बसलो. दार लोटलं. लोटूकाका, गोपाल, आप्पा, मी. आप्पा फार थकलेत, ताई. माझ्या डोक्यात छडीवाले आप्पा होते, हे बसताना गुडघ्याला हात लावून बसतात. रोट खाताना बोलायचं नसतं, म्हणून बरं होतं. नाहीतर काय बोललो असतो? शेवटी त्यांनी घास उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. ठेवून हात लगेच मागे घेतला नाही, थोडा वेळ ताटावरच होता. तो घास मी सावकाश खाल्ला.

मग रीतीप्रमाणे हात ताटातच धुवून ते पाणी मागच्या दारच्या चिंचेच्या मुळाशी टाकायला गेलो. आप्पा माझ्याबरोबर आले. दोघं ताटं हातात धरून उभे. त्यांनी एकदा घराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, ‘तेलाचं विचारलं होतं का रे?’

आतून माय ओरडली, ‘तुमले सांगेल व्हतं ना!’

मी म्हटलं, ‘विचारलं होतं आप्पा.’ मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो, पान कुठलं होतं, साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो. ते मधेच थांबवून विचारत होते आणि मी सांगत होतो. चार वर्षांनी आम्ही बोललो आणि बोललो ते मागाच्या तेलाबद्दल. मला फार बरं वाटलं. अंधार पडायला लागला तरी आम्ही तिथेच होतो, शेवटी मायनं येऊन दोघांच्या हातातली ताटं काढून घेतली.

तुझा,
योगेश